मदतीला अट नसावी, हिशेब असावा

२५ एप्रिल २०१५ हा शनिवार होता. नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी असते. त्यामुळे दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने गोरखा जिल्ह्यापासून पूर्वेकडचा सगळा मुलूख हादरला, तेव्हा शाळा रिकाम्या होत्या आणि असंख्य मुले वाचली. त्या सुट्टीची दुसरी बाजू मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. नेपाळातल्या ख्रिस्ती मंडळ्या रविवारऐवजी शनिवारीच उपासनेला जमतात. म्हणजे शाळा रिकाम्या होत्या त्याच घटकेला चर्च भरलेली होती, आणि काही ठिकाणी ती उपासकांच्याच अंगावर कोसळली. भूकंपाने सुमारे ९,००० माणसे नेली, २२,००० हून अधिक जखमी केली आणि ५ लाखांच्या आसपास घरे पुरती पाडली. या आपत्तीत ख्रिस्ती माणूस आधी पीडित होता आणि मदतनीस नंतर झाला, हे पुढच्या वादात कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

वाद पेटायला आठवडाही लागला नाही. परदेशी ख्रिस्ती लोक ढिगाऱ्यांवर आत्मे गोळा करायला, म्हणजे धर्मांतरे घडवायला, उतरले आहेत असा आरोप समाजमाध्यमांवर, आणि त्यातही आपल्या देशातून, जोराने होऊ लागला; आणि नेपाळला बायबल पाठवू या अशा आशयाचे संदेश लिहून परदेशातल्या काही अतिउत्साही मंडळींनी आरोप करणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत दिले होते. या गदारोळात एका वर्गाचा विचार कोणी केला नाही. तो म्हणजे भूकंपाच्या आधीपासून तिथे राहत असलेली परदेशी ख्रिस्ती कुटुंबे.

असे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. ते माझ्या कल्पनेतले आहे, त्याची परिस्थिती मात्र कल्पनेतली नाही. नवरा जलविद्युत प्रकल्पात अभियंता, बायको परिचारिका, दोन मुले. काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरमध्ये भाड्याचे घर, परदेशी संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समाज कल्याण परिषदेची मान्यता असलेल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत मिळालेला व्हिसा, आणि पगाराऐवजी मायदेशातल्या चार-पाच मंडळ्यांकडून दरमहा येणारी वर्गणी. सात वर्षांत नेपाळी जिभेवर रुळलेली आहे. मुले घरबेटी बाईंना, म्हणजे घरमालकिणीला, आमा म्हणतात. दारासमोर जमीन फाटल्यावर या चौघांनी काय करावे, आणि त्यांच्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहावे? माझे उत्तर असे की त्यांच्या श्रद्धेची चौकशी करण्यात अर्थ नाही, कारण हेतू कोणालाच तपासता येत नाही. तपासता येते ते वर्तन. दिलेल्या वस्तूला काही अट चिकटली होती का, ती कोणाच्या हातून गेली, तिचा हिशेब कोणापुढे मांडला गेला आणि देणारा पावसाळ्यानंतरही तिथे होता का, एवढेच विचारता येते, आणि ते कडकपणे विचारले पाहिजे.

पहिली रात्र अंगणात जाते. आमा, त्यांच्या दोन सुना, तळमजल्यावरचा सिंधुपाल्चोक जिल्ह्यातला भाडेकरू आणि हे चौघे, सगळे एकाच ताडपत्रीखाली. थोड्या थोड्या वेळाने जमीन हलते. जमिनीच्या आधी कुत्री ओरडतात, त्यामुळे कुत्री ओरडली की सगळेच श्वास धरून बसतात. भाडेकरूचा फोन गावाला लागत नाही. तो दर पाच मिनिटांनी तोच नंबर लावतो, आणि त्याची बॅटरी संपत आल्यावर अभियंता न बोलता आपला फोन त्याच्या हातात देतो. आमा तोंडातल्या तोंडात नाम घेत आहेत. परदेशी बाई मुलांच्या डोक्यावर हात ठेवून हलक्या आवाजात प्रार्थना म्हणते. त्या ताडपत्रीखाली कोणालाही त्यात काही खटकत नाही. भ्यालेल्या माणसाने आपल्या देवाला हाक मारायची नाही तर कोणाला मारायची?

आता चार दिवस पुढे जाऊ. तीच बाई तांदळाच्या पोत्यांशेजारी उभी आहे, समोर रांग आहे, आणि वाटप सुरू करण्याआधी ती तीच प्रार्थना त्याच हलक्या आवाजात म्हणते. शब्द तेच, भावनाही कदाचित तितकीच खरी. तरीही ही दुसरी प्रार्थना माझ्या मते चुकीची आहे, कारण ताडपत्रीखाली सगळे सारखेच उघड्यावर होते आणि रांगेपुढे एकाच्या हाती पोते आहे. रांगेतला माणूस मान खाली घालून उभा राहतो तो श्रद्धेने की भुकेने, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. नकार देण्याची काहीच किंमत मोजावी लागत नसेल तेव्हाच होकाराला होकार म्हणता येते, आणि रांगेत नकार फुकट मिळत नाही. उद्या त्याच रांगेतल्या कोणी संध्याकाळी घरी येऊन, तुम्ही त्या रात्री काय म्हणत होतात हो दिदी, असे विचारले तर तिने जरूर सांगावे. तिथे तो पाहुणा असतो आणि उठून जाऊ शकतो.

हा नियम मी शोधलेला नाही, आणि चर्चच्या विरोधकांनीही शोधलेला नाही. १९९४ साली रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंट चळवळ व काही मोठ्या स्वयंसेवी संस्था यांनी आपत्ती निवारणासाठी दहा कलमांची आचारसंहिता तयार केली. मदत वंश, पंथ वा राष्ट्रीयत्व न पाहता आणि केवळ गरज पाहून दिली जाईल, हे तिचे दुसरे कलम. मदतीचा उपयोग राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी केला जाणार नाही, हे तिसरे. ही संहिता पुरस्कृत करणाऱ्यांत कारितास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्था होत्या. म्हणजे विनाअट मदत हे धर्मनिरपेक्ष जगाने चर्चवर लादलेले जोखड नाही. चर्चच्याच एका मोठ्या भागाने ते आपणहून मानेवर घेतले आहे. त्याच तिसऱ्या कलमाच्या विवरणात संस्थांना आपले धार्मिक मत बाळगण्याची आणि मांडण्याची मुभाही दिलेली आहे. मत आणि पोते यांची गाठ बांधायची नाही, एवढेच त्यात सांगितले आहे.

मराठी वाचकाला हा संशय नवा नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणून जगवल्या, आणि त्या जगल्या याच्यापेक्षा त्या ख्रिस्ती झाल्या याचीच चर्चा आपल्याकडे जास्त झाली. जगवणे खरे होते आणि त्या पोरींना नाही म्हणण्याची सोय नव्हती हेही खरे होते. ज्यांनी त्यांना जगवायला एक पैसाही काढला नाही त्यांच्या संतापाला मी फारशी किंमत देत नाही. पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल फारसे बोलले जात नाही तिच्याकडे वळतो. अशा कुटुंबाच्या बाबतीत खरा धोका बायबलपेक्षा बँक खात्यातून येतो. मिशनच्या आधाराने राहणारी कुटुंबे मायदेशातल्या मंडळ्यांना नियमाने पत्र लिहितात. मुलांची शाळा, कामाची प्रगती, कशासाठी प्रार्थना करावी, असा त्यातला मजकूर असतो. भूकंपानंतर हेच पत्र शंभर जणांऐवजी हजारो लोक वाचतात. टीव्हीवर काठमांडूचा पडलेला धरहरा मनोरा दिसतो, आणि आपल्या ओळखीचे माणूस तिथे आहे या भावनेने लोक पैसे पाठवू लागतात. ज्या अभियंत्याने आयुष्यात कधी दहा कुटुंबांनाही काही वाटलेले नाही त्याच्या हाती पंधरा दिवसांत एका गावाचे नशीब बदलेल एवढी रक्कम येते. त्याला कोणी निवडलेले नाही आणि त्याला कोणी विचारणारही नाही. पैसे पाठवणाऱ्यांना तर हिशेबापेक्षा छायाचित्र हवे असते.

या पैशाने पहिली गोष्ट बदलते ती अंगणातली. ज्या भाडेकरूला फोन दिला तो आता सकाळी दारात येऊन उभा राहतो आणि नेहमीच्या 'दाजू'च्या, म्हणजे दादाच्या, ऐवजी 'सर' म्हणतो. त्याच्या गावाला ताडपत्र्या हव्यात, आणि त्याचे काही चुकलेले नाही. चुकते ते असे की शेजारी या नात्याने जे परस्पर चालत होते, कधी आमांनी डाळ द्यायची, कधी यांनी मुलाला दवाखान्यात न्यायचे, त्याची जागा देणारा आणि घेणारा या एकेरी रस्त्याने घेतली. मी अशा कुटुंबाला सांगेन की या पैशाला आपल्या खात्यात राहू देऊ नका. तो आला त्या आठवड्यात अशा एखाद्या नेपाळी संस्थेकडे किंवा समितीकडे जाऊ द्या, जिच्या पुढ्यात गावकरी उभे राहून भांडू शकतात. परदेशी देणगीदाराशी कोणी भांडत नाही, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्या हातचे वाटप कधीच न्याय्य होत नाही.

हे सांगणे सोपे आहे, तेव्हाच्या नेपाळात करणे अवघड होते. २००२ मध्ये स्थानिक लोकप्रतिनिधींची मुदत संपल्यानंतर २०१७ पर्यंत त्या देशात स्थानिक निवडणुकाच झाल्या नव्हत्या. भूकंप झाला तेव्हा गावात कारभारी होता तो बदलीवर आलेला सचिव, तोही एकेक सचिव दोन-तीन गावांना पुरलेला. सरकारने सगळी मदत एकाच दरवाज्याने, प्रमुख जिल्हा अधिकाऱ्यांच्या समितीमार्फत जावी असे धोरण काढले, आणि पैसा पंतप्रधानांच्या मदतनिधीत यावा असा आग्रह धरला. एकच दरवाजा असावा ही कल्पना मला तत्त्वतः मान्य आहे, कारण दहा दरवाजे असले की रस्त्यालगतच्या गावाला पाच वेळा तांदूळ मिळतो आणि डोंगरामागच्या गावाला एकदाही नाही. पण तो दरवाजा जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, आणि दरडींनी वाटा तुटलेल्या असताना डोंगरातल्या माणसाला तिथवर पोहोचायला दोन दिवस लागतात.

या पोकळीत आपसूकच चर्चचे जाळे वापरले गेले. त्यात कारस्थान शोधायची गरज नाही. परदेशी ख्रिस्ती कुटुंबाची ओळख असते ती नेपाळी ख्रिस्ती कुटुंबांशी. सिंधुपाल्चोक, रसुवा, नुवाकोट या जिल्ह्यांतल्या तामांग जमातीच्या गावांत लहान लहान मंडळ्या आहेत, तिथल्या पाळकाकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूकडे, माणसांची यादी असते, फोन असतो, विश्वास असतो. त्यामुळे ट्रक त्याच्या दाराशी जातो. पाळक प्रामाणिक असला तरी त्याला नावाने ठाऊक असलेली पहिली तीस घरे कोणाची असणार? शेजारच्या बौद्ध लामाच्या घरापर्यंत ट्रक यायच्या आत ताडपत्र्या संपतात. कोणी कोणाला धर्म बदल म्हणालेले नसते, पण अख्ख्या गावाने एक धडा पाहिलेला असतो: त्या घरात जाणाऱ्यांना छप्पर लवकर मिळते. आमिष द्यायला तोंड उघडावेच लागते असे नाही. म्हणून मंडळीचे जाळे वापरायचेच असेल तर उलट्या क्रमाने वापरावे. यादी पाळक, लामा, शाळेचा मास्तर आणि दलित वस्तीतली एखादी बाई यांनी एकत्र बसून करावी, ती शाळेच्या भिंतीवर चिकटवावी, आणि पाळकाचे स्वतःचे घर तीत शेवटी यावे. शेवटची सूचना अन्यायाची आहे हे मला कळते, कारण त्याचेही घर पडलेलेच आहे. तरीही मी ती मागे घेणार नाही.

मिशनच्या बाजूचे लोक यावर म्हणतील की आमच्यावर इतक्या अटी आणि इतरांवर काहीच नाहीत. आक्षेपात तथ्य आहे. झेंडा लावून जेवण वाढणारे, देवाच्या नावाचा जयजयकार झाल्यावरच पुडके देणारे, पक्षाच्या टोप्या घालून ताडपत्री धरून फोटो काढणारे सगळीकडे असतात, आणि जी मोजपट्टी परदेशी ख्रिस्त्याला लावायची तीच त्यांनाही लावली पाहिजे. पण परदेशी माणसाच्या पारपत्राने एक फरक पडतोच. त्याला हवे तेव्हा विमानात बसता येते. ज्याला निघून जाता येते त्याच्याकडे जास्त मागितले जाते, आणि मला त्यात गैर वाटत नाही.

इतिहास पाहिला तर ही मागणी मिशनने सुरुवातीला मान्यही केलेली दिसते. राणाशाही, म्हणजे राणा घराण्याची राजवट, संपण्याच्या सुमारास नेपाळ परदेशीयांना जवळपास बंदच होता. १९४९ मध्ये मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले शिक्षक आणि पक्षी-अभ्यासक रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचे नमुने गोळा करायला पश्चिम नेपाळात गेले. पुढच्या मोहिमेत सोबत डॉक्टर होते, आणि तिथल्या तानसेन गावच्या लोकांना पक्ष्यांपेक्षा डॉक्टरांत अधिक रस वाटला, हे समजण्यासारखे आहे. त्यातून निमंत्रण आले आणि १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ स्थापन झाले. फ्लेमिंग यांच्या पत्नी बेथेल डॉक्टर होत्या. काठमांडूत सुरू झालेले त्यांचे वैद्यकीय काम पुढे शांता भवन नावाच्या जुन्या राणा महालात रुग्णालय होऊन बसले. त्याच्याही आधी, १९५२ मध्ये, पोखऱ्यात लिली ओ'हॅनलन आणि हिल्डा स्टील यांनी पत्र्याच्या अर्धगोल शेडमध्ये दवाखाना काढला, आणि उन्हात दुरून चमकणाऱ्या त्या पत्र्यांवरून लोकांनीच त्याला चमकते रुग्णालय म्हटले. नॉर्वेचे अभियंता ऑड हॉफ्टन यांनी १९६३ मध्ये बुटवलला तांत्रिक प्रशिक्षण संस्था उभी केली. नेपाळच्या जलविद्युत क्षेत्रातली कितीतरी माणसे तिच्या हाताखालून गेली. सरकारशी झालेल्या करारांत दोन गोष्टी ठळक होत्या: धर्मप्रसार करायचा नाही, आणि नेपाळी माणसे तयार करून काम त्यांच्या हाती द्यायचे. काहींना या अटी अपमानकारक वाटल्या असतील. माझ्या मते त्या अटींमुळेच ते काम टिकले.

सरकारने कायद्याचा बडगा उचलणे हा मात्र निराळा मामला आहे. भूकंपानंतर पाच महिन्यांनी, २० सप्टेंबर २०१५ ला, नेपाळने नवी राज्यघटना लागू केली. तिच्या २६ व्या कलमात दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे, आणि २०१८ पासून अमलात आलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड आणि परदेशी असल्यास शिक्षेनंतर देशाबाहेर रवानगी अशी तरतूद आहे. रांगेतली प्रार्थना मला चुकीची वाटते, पण तिच्यासाठी पाच वर्षांचा तुरुंग मला त्याहून चुकीचा वाटतो. अशा कायद्याने वाटप सुधारत नाही. माणसे फक्त लपवाछपवी शिकतात. परिचारिका विचारल्यावरही आपण कोण हे सांगायला कचरते, संस्था आपल्या नावातून ख्रिस्ती शब्द काढून टाकते, आणि मग तेच लपवणे संशयाचा पुरावा म्हणून दाखवले जाते. २०११ च्या जनगणनेत नेपाळात ३ लाख ७५ हजारांच्या वर ख्रिस्ती होते. त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत हा धर्म नेपाळी माणसांच्याच तोंडून पोहोचलेला आहे, आणि परदेशी कुटुंबांना हाकलल्याने त्यात काही फरक पडणार नाही.

दुसऱ्या टोकाला असे म्हणणारे आहेत की हे हौशी लोकांचे काम नाही, व्यावसायिकांवर सोडावे. हे मला अर्धे पटते. हौशी सद्भावना कुठवर जाऊ शकते हे हैतीत दिसले. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा अमेरिकेतल्या बाप्टिस्ट मंडळ्यांचे दहा जण ३३ मुलांना बसमध्ये घालून डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर पकडले गेले. मुले अनाथ आहेत असे त्यांचे म्हणणे होते. अनेकांचे आईवडील हयात निघाले. त्यांना मुलांचे वाईट करायचे होते असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच ते उदाहरण भयंकर आहे. नेपाळ सरकारने २०१५ मध्ये मुलांना पालकांशिवाय हलवण्यावर निर्बंध घातले ते योग्यच होते. पण हैतीतले लोक बाहेरून आलेले होते, त्यांना शेजारी नव्हते. ललितपूरच्या आपल्या कुटुंबाला कोणते मूल कोणाचे हे ठाऊक आहे, आणि नसेल तर कोणाला विचारायचे हे ठाऊक आहे. भाषा, ओळखी आणि विश्वास या भूकंपानंतर विकत घेता न येणाऱ्या वस्तू त्यांच्याकडे आधीपासून आहेत. ढिगाऱ्यातून जिवंत निघणाऱ्यांपैकी बहुतेकांना शेजारीपाजारीच काढतात हा जवळपास प्रत्येक भूकंपाचा अनुभव आहे, आणि परिचारिका शेजारीण असली तर त्या गल्लीचे नशीब म्हणायचे.

त्या कुटुंबाला करता येण्यासारखे सर्वांत मोठे काम कदाचित लोकांना येऊ न देण्याचे आहे. आम्ही वीस जण सुट्टी काढून येतो, काय आणू, असे मायदेशातले मित्र विचारतात. काठमांडूला तेव्हा एकच आंतरराष्ट्रीय विमानतळ, त्याला एकच धावपट्टी, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला ती धावपट्टी खचू लागल्याने मोठी विमाने उतरवणे बंद करावे लागले. भाषा न येणारी वीस माणसे म्हणजे रोज साठ जेवणे, वीस अंथरुणे आणि दोन दुभाषे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला सडत पडले होते; तेही कोणीतरी प्रेमानेच पाठवले होते. येऊ नका, हे दोन शब्द मायदेशी लिहिणे पत्रातला सर्वांत अप्रिय मजकूर असतो, आणि तो त्यांनीच लिहिला पाहिजे, कारण नेपाळी माणूस पाहुण्याला तसे म्हणणार नाही.

आणि त्यांनी स्वतः राहावे की जावे? संस्था सांगते की मुलांना घेऊन काही दिवस बाहेर पडा. १२ मे ला ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का आला तेव्हा नुकतीच घरात झोपू लागलेली माणसे पुन्हा अंगणात आली. अशा वेळी झोपेत किंचाळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आई निघाली तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे असे मला वाटत नाही. तिने जावे. फक्त रात्रीच्या टॅक्सीने गुपचूप जाऊ नये. आमांना सांगून, परत कधी येणार ती तारीख सांगून जावे, आणि त्या तारखेला परत यावे. जाण्यापेक्षा न सांगता जाण्याने नाते तुटते.

परत आल्यावर जे काम असते ते छायाचित्रात येत नाही. जूनच्या मध्यावर पावसाळा लागतो आणि ताडपत्री पुरेशी राहत नाही, पत्रे लागतात. पत्र्यांनंतर घराचा प्रश्न येतो. सरकारने पुढे घरटी ३ लाख नेपाळी रुपयांचे अनुदान ठरवले, तेही हप्त्यांनी: करार झाल्यावर ५० हजार, जोते उभे राहिल्यावर दीड लाख, उरलेले १ लाख त्यानंतर. हप्ता मिळायचा तर अभियंत्याने येऊन बांधकाम नियमाप्रमाणे आहे असे लिहून द्यायला हवे, आणि करारच व्हायचा तर जमिनीचा लालपुर्जा, म्हणजे मालकीचा दाखला, हवा. तो ढिगाऱ्याखाली गेलेला, किंवा आजोबांच्या नावावरचा, किंवा मुळात कधी मिळालेलाच नाही. मातीच्या गिलाव्यात रचलेल्या दगडी भिंतीला कोणत्या उंचीवर आडवा पट्टा बांधायचा हे गवंड्याला कोणीतरी पुन्हा पुन्हा समजावावे लागते. त्यात सप्टेंबरपासून भारताच्या सीमेवरची नाकेबंदी सुरू झाली आणि ऐन हिवाळ्यात इंधनाचे वांधे झाले. आपला अभियंता इथे उपयोगी पडतो: शनिवारी उपासना आटोपून भाडेकरूबरोबर त्याच्या गावी जायचे, नकाशा समजावायचा, अर्जातल्या नावाची वेलांटी नागरिकत्वाच्या दाखल्याशी जुळते की नाही ते पाहायचे. यातल्या कशाचेच पोते नसते, त्यामुळे कशालाच अट चिकटू शकत नाही.

ज्या गोष्टीवरून ख्रिस्ती माणसे मदतीची प्रेरणा घेतात ती चांगल्या शोमरोन्याची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि तिचा शेवट मला नेहमी अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. जखमेवर तेल ओतणारा तो प्रवासी त्या मुलखात परका आहे. तो जखमीला उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी तिथल्या चालकाच्या हाती दोन दीनार ठेवतो, याची काळजी घे म्हणतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगून निघतो. जखमी कोणत्या देवाला भजतो हे तो विचारत नाही. स्थानिक माणसाच्या हाती पैसे आणि काम सोपवतो, हिशेब उघडा ठेवतो, आणि परत येण्याचे कबूल करतो. या गोष्टीवर प्रवचने पुष्कळ होतात, पण बहुतेक तेलापाशीच थांबतात आणि उतारशाळेच्या चालकापर्यंत फारशी कोणी जात नाहीत.

२५ एप्रिलच्या दुपारी ललितपूरमध्ये जखमींना दारांच्या फळ्यांवरून, हातगाड्यांवरून, पाठीवर घेऊन लोक पाटण रुग्णालयाकडे धावत होते. शांता भवनचाच तो वारस. १९८२ मध्ये उभा राहिलेला, पुढे नेपाळी हाती गेलेला, आणि २००८ पासून नेपाळच्याच आरोग्यविज्ञान प्रतिष्ठानाचा भाग झालेला. आवारात खाटा मांडून टाके घालणारे डॉक्टर नेपाळी होते, आणि त्यांतल्या कित्येकांना त्या रुग्णालयाची सुरुवात कोणी केली हे त्या क्षणी आठवायचे काही कारण नव्हते. आपली परिचारिका तिथे पोहोचली असेल तर तिला कोणीतरी हातमोजे दिले असतील आणि कुठे उभे राहायचे ते सांगितले असेल.

आठवड्यानंतरच्या रविवारी मायदेशी जायच्या पत्रात तिने काय लिहावे असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, छायाचित्र नको. लिहा की आम्ही चौघे सुखरूप आहोत. कोणी येऊ नका. पैसे पाठवायचे असतील तर सोबत दिलेल्या नेपाळी संस्थेच्या खात्यावर पाठवा, आणि पत्र्यांसाठी पाठवा, जूनच्या आत. भाडेकरूच्या गावाशी काल रात्री संपर्क झाला, त्याची आई गेली. आमांचे घर उभे आहे, पण त्या अजून अंगणातच झोपतात, आणि आम्हीही.